मुंबईतील कॉलेजे आणि विद्यापीठे : बारावीनंतर मुलामुलींना कुठे घालायचे?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच सवाल असतो, आता पुढे कुठे? नातेवाईक सांगतील तिथे फॉर्म भरण्याआधी वालिदैनने शहरातला नकाशा एकदा समजून घ्यावा.

सर्वात जुने मुंबई विद्यापीठ, स्थापना 1857. फोर्ट आणि कलिना असे त्याचे दोन मुख्य परिसर. मुंबईशिवाय ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची कॉलेजेही याच विद्यापीठाकडे येतात, म्हणजे आपल्या कोकणच्या मुलांची डिग्रीही इथलीच. कलिन्याला उर्दू, अरबी, फारसीचे विभाग आहेत. याशिवाय फक्त मुलींसाठी 1916 साली महर्षी कर्व्यांनी सुरू केलेले एसएनडीटी विद्यापीठ चर्चगेट, जुहूला आहे. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही सरकारी कॉलेजे आता होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली आहेत, तेव्हा तिथली डिग्री मुंबई विद्यापीठाची मिळेल असे समजून चालू नका. पवईचे आयआयटी (1958) आणि माटुंग्याचे आयसीटी (1933) यांचा रस्ता प्रवेश परीक्षेतून जातो.

आता आपल्या बिरादरीच्या संस्था. यात अंजुमन-ए-इस्लामचे नाव आधी घ्यावे लागते. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी 1874 मध्ये ती उभी केली. भायखळ्याचे साबू सिद्दीक इंजिनीअरिंग कॉलेज, ग्रँट रोडचे अकबर पीरभॉय कॉलेज, वर्सोव्याचे युनानी तिब्बिया कॉलेज आणि नवीन पनवेलचा कळसेकर टेक्निकल कॅम्पस ही सगळी अंजुमनची. नागपाड्याचे महाराष्ट्र कॉलेज 1968 चे, आर्ट्स, सायन्स, कॉमर्स तिन्ही शाखा. माझगावला बुऱ्हानी, वांद्र्याला रिझवी. भिवंडीच्या मुलींना शहराबाहेर पाठवायला घरचे कचरतात, त्यांच्यासाठी तिथेच जी. एम. मोमीन विमेन्स कॉलेज आहे.

जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजची गोष्ट थोडी वेगळी. सर मोहम्मद युसूफ यांनी मुसलमान मुलांच्या तालीमसाठी आठ लाखांची देणगी दिली, त्यातून 1930 मध्ये हे कॉलेज सुरू झाले. कॉलेज सरकारी आहे, फी कमी आहे, टेकडीवरचा परिसर मोठा आहे. तरी आपल्या बऱ्याच घरांत या कॉलेजचा विचारच होत नाही, याचे नवल वाटते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. अल्पसंख्याक संस्था म्हणजे आपोआप ॲडमिशन नव्हे. इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सला सीईटी द्यावीच लागते आणि अल्पसंख्याक कोट्यातही मेरिट लागतेच. त्या कोट्यासाठी फॉर्म भरतानाच धर्म आणि अल्पसंख्याक असल्याची नोंद करा. मार्क कमी पडले तर दहावीनंतरचा डिप्लोमा हाही चांगला रस्ता आहे. डिप्लोमावाल्याला इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

कागदपत्रांत आपण सर्वात मागे राहतो. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा कित्येक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखलाच काढलेला नसतो. दाखला, व्हॅलिडिटी आणि नॉन क्रिमीलेअर ही तीनही कामे अकरावीतच सुरू करा, कारण आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. व्यावसायिक कोर्ससाठी, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी 2024-25 पासून सरकार भरते. ही सवलत ज्यांना लागू नाही त्यांनी महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती पाहावी. आधार कार्ड, मार्कशीट आणि बँक खात्यावर नावाचे स्पेलिंग एकच असू द्या. शेख, शैख, शेक असे तीन ठिकाणी तीन प्रकार असले की अर्ज अडकतो.

आणि मुंब्रा, कल्याण, मीरा रोडहून रोज लोकलने येणाऱ्यांसाठी : कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्या, पास बराच स्वस्त पडतो.