पान्याने जोडलेली, पान्याने उघडणारी

हिंगोली-वाशिम रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर कनेरगाव नाका आहे. सगळा काळ्या मातीचा मुलूख. पावसात साधी गाडी रुतते. इथे जीपचं मोल वेगळं सांगायला नको. पण जुनी जीप घरच्या अंगणात, हौशी हातांनी दुरुस्त होते, ती कशी?

उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. एकीचा भाग दुसरीला बसायचा. रणांगणात वर्कशॉप कुठून आणणार? बंद पडलेल्या जीपचे भाग काढून दुसरी चालू करायची. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपा जोडायला घेतल्या, त्या सुट्या भागांतच आल्या होत्या. कनेरगाव तेव्हा अजून निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे बघा, जी गाडी पान्याने जोडली, ती पान्यानेच उघडते.

म्हणून ती जुनी पेट्रोल जीप चालू होईना, की आपण आधी प्लग काढून ठिणगी पाहतो. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून अंतर ०.०२० इंच लावतो. ठिणगी असेल तर पेट्रोल कुठे अडलं ते शोधतो. ब्रेक मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच.

आजच्या गाडीचा दोष संगणक सांगतो, आणि तो वाचायचं यंत्र बहुधा आपल्याकडे नसतं. जुनी जीप भंगारात जाते तेव्हा नुसतं लोखंड जात नाही; गाडी का बंद पडली हे स्वतः शोधायची सवयही जाते.