भिंतीच्या पोटातला नळ आणि भिंतीवरची लाकडी पेटी

१/ जळकोट परिसरातील जुन्या माळवदाच्या घरात जाऊन पाहा. दोन हात जाडीची दगडमातीची भिंत, कुठे पोट सुटलेली, कुठे खचलेली. आणि तिच्यावरून उघडीच गेलेली नळाची लोखंडी वा प्लास्टिकची नळी. ती झाकावी कशी, हा प्रश्न घरगुती खरा, पण त्यामागे दख्खनचा चार शतकांचा इतिहास आहे.

२/ इ.स. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी नगर वसवले, तेच पुढे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले. त्याच्या नहर-ए-अंबरीचे खापरी नळ जमिनीखालून शहरात येत. पुढे १८ व्या शतकातील पाणचक्कीत तर नळांतून आलेले पाणी भिंतीच्या आतून वर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. पाहणाऱ्याला धार दिसते, नळ दिसत नाही.

३/ नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजचे पाणी भुयारी मार्गाने पुण्यात आले. त्या मार्गावर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. पाणी झाकले, पण हवेला वाट ठेवली.

४/ मग घरातला नळही भिंत खोदून आत का घालू नये? कारण तिथे नळ आणि बांधकाम एकाच वेळी, चुन्यात उभे राहिले. आपल्याकडे भिंत आधीची, नळ नंतरचा. शिवाय ही भिंत म्हणजे बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर, जोडणी मातीची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किल्लारी परिसरात, अशाच भिंतींचे थर फुटून सुटे झाले आणि हजारो माणसे गाडली गेली. अशा भिंतीत छिन्नीने खाच पाडणे म्हणजे तिला आणखी दुबळे करणे. वर त्या खाचेत नळ झिरपू लागला, तर आतली माती भिजते आणि बाहेर ओल दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

५/ म्हणून लाकूड. वीज नवी होती तेव्हा हेच केले गेले: सागाच्या पट्टीत दोन खाचा, प्रत्येकीत एक तार, वरून स्क्रूने बसवलेले झाकण. भिंतीला धक्का नाही आणि तार हवी तेव्हा हाताशी. नळासाठी तीच पट्टी जरा मोठी करायची.

६/ आता वाकड्या भिंतीचे काय? जाणता सुतार भिंत सरळ करू पाहत नाही. तो ओळंब्याने फळी उभी धरतो. कंपासाचे एक टोक भिंतीवर, पेन्सिलीचे टोक फळीवर ठेवून वरून खाली ओढत नेतो. भिंतीचा प्रत्येक चढउतार फळीवर उमटतो. त्या रेघेवर फळी कापली की ती भिंतीला चिकटून बसते. (हे काम प्रत्यक्ष पाहण्याजोगे आहे.)

७/ मातीच्या सांध्यात खिळा टिकत नाही. म्हणून पेटीची चौकट शक्य तिथे घराच्या लाकडी खांबाला अडकवावी, बाकी ठिकाणी मागे पाचरी. पुढची फळी खिळ्यांनी ठोकू नये, स्क्रूनेच बसवावी. सांधा किंवा कॉक असेल तिथे छोटे दार. तळाशी दोन बोटे जागा मोकळी: वाळवीला थेट जमिनीवरून वाट मिळत नाही आणि गळती सुरू होताच फरशीवर थेंब दिसतो.

८/ तुमच्या गावच्या वाड्यात सागाच्या पट्टीतली जुनी वायरिंग अजून असेल, तर छायाचित्र खाली अवश्य जोडा. गावाचे नाव लिहायला विसरू नका.