हुतूतू ते व्यावसायिक कबड्डी : सांघिकता आणि डावपेच यांचा ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : पुणेरी पलटण)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनात कबड्डीचे स्थान वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गावच्या मैदानापासून गिरणगावातील मंडळांपर्यंत आणि तेथून दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत या खेळाने केलेला प्रवास सर्वपरिचित आहे. या प्रवासाचे वर्णन करताना मात्र आपला भर प्रामुख्याने नामवंत चढाईपटूंच्या पराक्रमावर राहतो. सामना कसा जिंकला जातो, संघ म्हणजे नेमके काय, आणि डावपेचांना आजचे स्वरूप कशामुळे आले, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहतात.

सांघिकता हा खेळाडूंच्या अंगचा एक सद्गुण आहे, असे आपण सामान्यतः मानतो. "संघभावनेने खेळा" हा उपदेश प्रत्येक शाळेच्या मैदानावर ऐकू येतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. कबड्डीतील सांघिकता प्रामुख्याने खेळाच्या नियमांनी घडविली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियम बांधले गेले तेव्हा तिचा पाया घातला गेला आणि २०१४ नंतरच्या व्यावसायिक स्पर्धेने तिला काटेकोर हिशेबाचे रूप दिले. तथापि यशाचे मोजमाप आणि खेळाडूंचे मोल ठरविताना हा हिशेब आपण अद्याप पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

नियमबद्धतेचा कालखंड

देशी खेळांना नियमांच्या चौकटीत बसविण्याच्या कार्यात पुणे शहराचा वाटा मोठा आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम तयार केले. हुतूतूच्या बाबतीतही याच काळात असे प्रयत्न सुरू झाले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम तयार करून स्पर्धा भरविल्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ अस्तित्वात आला व १९५२ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. पुढील काळात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

या घटनांपेक्षाही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती या काळात झालेली एक निवड. हा खेळ देशात प्रामुख्याने तीन प्रकारे खेळला जात असे. 'अमर' प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर जात नसे. केवळ गुण मोजला जाई. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला खेळाडू आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. 'संजीवनी' प्रकारात मात्र प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू बाद झाला की आपला एक बाद खेळाडू पुन्हा मैदानात येई. राष्ट्रीय स्तरावर रूढ झालेल्या खेळाने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले.

या निवडीचा परिणाम दूरगामी आहे. अमर प्रकारात प्रत्येक खेळाडू स्वतःपुरता खेळू शकतो. गामिनीत बाद झालेल्याला सहकाऱ्यांचे प्रयत्न लगेच परत आणू शकत नाहीत. संजीवनीत मात्र प्रत्येकाचे मैदानावरील अस्तित्व दुसऱ्याच्या गुणावर अवलंबून असते. एकाच्या यशाने दुसरा जिवंत होतो, आणि एकाच्या उतावीळपणाने दुसऱ्याला एकाकी लढावे लागते. संघभावनेचा उपदेश न करताही संघ म्हणून खेळावयास लावणारी ही रचना होय.

जिवंत होण्याचे गणित

संजीवनीच्या तत्त्वातील एक बारकावा प्रेक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. समजा, एखाद्या संघाचा प्रमुख चढाईपटू चौथा बाद झाला. तो परत येण्यासाठी त्याच्या सहकाऱ्यांना प्रतिस्पर्ध्याचे चार खेळाडू बाद करावे लागतील. बोनस गुणाने धावसंख्या वाढते, पण कोणी जिवंत होत नाही. लोणाच्या दोन जादा गुणांनीही होत नाही. म्हणजे गुणफलकावर सारखेच दिसणारे दोन गुण संघाच्या दृष्टीने सारखे नसतात. दुय्यम चढाईपटूने केलेला एक साधा स्पर्श प्रमुख खेळाडूला मैदानात आणत असेल, तर त्याचे मोल एका गुणाहून कितीतरी अधिक असते. नोंदवहीत मात्र तो एकच गुण म्हणून नोंदला जातो.

बचावातही हेच दिसते. सात खेळाडूंच्या बचावफळीत दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतील बाजूस साहाय्यक आणि मध्यरक्षक अशी साखळी असते. कोपरारक्षक घोटा पकडतो तो या विश्वासावर की पुढच्याच क्षणी मध्यरक्षक मध्यरेषेकडील वाट अडवील. तो आला नाही आणि चढाईपटूने रेषा गाठली, तर पकडीत हात घातलेले सारेच बाद होतात. प्रत्येक पकड ही अशी एकाने सर्वांच्या वतीने लावलेली पैज असते. यशस्वी पकडीचा गुण सर्वसाधारणपणे पहिला हात घालणाऱ्याच्या नावे जमा होतो. वाट अडविणाऱ्याचे नाव नोंदीत राहत नाही.

व्यावसायिक स्पर्धा आणि घड्याळाचे आगमन

२६ जुलै २०१४ रोजी आठ संघांसह प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला. मूळ आठ संघांत पुणेरी पलटणचा समावेश होता. २०१७ पासून संघांची संख्या बारा झाली. या स्पर्धेने खेळाडूंना उत्पन्न व प्रतिष्ठा मिळवून दिली, हे सर्वमान्य आहे. डावपेचांच्या दृष्टीने तिचे अधिक मोठे कार्य म्हणजे वेळेचे नियमन होय.

पूर्वी चढाईची मर्यादा ही चढाईपटूच्या दमाची मर्यादा होती. लीगमध्ये प्रत्येक चढाईला ३० सेकंदांचे बंधन आले. सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे सक्तीचे झाले. न मिळाल्यास चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण, म्हणजे अव्वल पकड, मान्य झाली. सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच बोनस मिळतो, हा नियम तर होताच.

या नियमांचा एकत्रित परिणाम असा की सामन्याच्या प्रत्येक क्षणी मैदानावरील खेळाडूंची संख्या हीच डावपेचांची मुख्य गोष्ट ठरली. आघाडीवरील संघ दोन चढाया जाणूनबुजून रिकाम्या सोडून वेळ घालवितो आणि तिसऱ्या चढाईसाठी खास खेळाडू राखून ठेवतो. समोरच्या बचावफळीला ठाऊक असते की या वेळी चढाईपटूला आत यावेच लागेल. म्हणून ती पुढे न धावता वाट पाहते. तीनच बचावपटू उरलेला संघ आता केवळ दीनवाणा राहत नाही. अव्वल पकडीच्या आशेने तो धोकादायक बनतो, आणि म्हणून त्याच्यावर लोण चढविण्याची घाई करावी की करू नये, हा कर्णधारापुढील खरा प्रश्न असतो. ताकद आणि दम यांच्या जोडीला मोजणी आली, असे या परिवर्तनाचे वर्णन करता येईल.

पुणेरी पलटण : एक उदाहरण

पहिल्या दोन हंगामांत पुण्याचा संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता. त्यानंतरच्या काळात संघाने नामांकित खेळाडू घेतले, तरी विजेतेपद दूरच राहिले. आठव्या हंगामापासून (२०२१-२२) धोरणात बदल दिसू लागतो. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे तरुण खेळाडू त्या हंगामात संघात आले. पंकज मोहिते २०१९ पासून होताच. या खेळाडूंना हंगामामागून हंगाम एकत्र ठेवण्यात आले. नवव्या हंगामात, बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली, संघाने अंतिम फेरी गाठली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने त्यांचा ३३-२९ असा पराभव केला.

दहाव्या हंगामासाठी संघाने इराणचा अष्टपैलू मोहम्मदरेझा शादलू याला २.३५ कोटी रुपयांना घेतले. साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकून, ३ बरोबरीत सोडवून आणि केवळ २ गमावून पुणेरी पलटणने ९६ गुणांसह अग्रस्थान मिळविले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून संघाने पहिले विजेतेपद पटकाविले. अंतिम सामन्यात कर्णधार अस्लमपेक्षा पंकज मोहितेचे गुण अधिक होते. त्या हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक ठरला; पुण्याच्या वाट्याला सर्वोत्तम बचावपटू (शादलू) आणि सर्वाधिक मौल्यवान खेळाडू (अस्लम) हे मान आले. तीन चढाईपटूंमध्ये भार विभागलेला असल्याने एक बाद झाला तरी त्याला परत आणणारे दोघे मैदानात असत. वर सांगितलेल्या जिवंत होण्याच्या गणिताचे हे प्रत्यक्ष रूप होय.

प्रतिपक्ष

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पाटणा पायरेट्सने तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या हंगामात सलग विजेतेपद मिळविले आणि पाचव्या हंगामात (२०१७) परदीप नरवालने एकट्याने चढाईचे ३६९ गुण नोंदविले. एक असामान्य खेळाडू संघ तारू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण नाही. परंतु हाच परदीप २०२१ साली १.६५ कोटी रुपयांना यूपी योद्धाकडे गेला, तेव्हा त्या संघाला विजेतेपद मिळाले नाही. पवन सेहरावतचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२२ साली तमिळ थलैवाजने त्याला २.२६ कोटींना घेतले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि उर्वरित हंगाम त्याच्याविना खेळूनही तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुढील हंगामात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २.६० कोटींहून अधिक रक्कम मोजली, आणि तो संघ २२ पैकी केवळ २ सामने जिंकून अखेरच्या स्थानावर राहिला. यात पवनच्या गुणवत्तेचा दोष नाही. बाद झाल्यावर त्याला परत आणणारे हात पुरेसे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या बाजूने, एकदा जमलेला संघ कायम यशस्वी होतो असेही नाही. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला. पण गतविजेता पुणेरी पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता. विजेत्या हरियाणा स्टीलर्सच्या संघात शादलू होता. बाराव्या हंगामात पुण्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा निसटता पराभव पत्करला. लिलावाच्या पद्धतीत संघ दरवर्षी मोडतो आणि दरवर्षी पुन्हा बांधावा लागतो. म्हणून सांघिकता ही एकदा कमावून ठेवण्याची ठेव ठरत नाही.

राष्ट्रीय संदर्भ

या विषयाला राष्ट्रीय प्रतिष्ठेचीही बाजू आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून २०१४ पर्यंत भारतीय पुरुष संघाने सातही सुवर्णपदके जिंकली. २०१८ साली जकार्ता येथे मात्र दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरविले आणि उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ अशी मात केली. या दोन्ही देशांचे काही खेळाडू प्रो कबड्डीत आधीपासून खेळत होते. वैयक्तिक कौशल्यात भारतीय चढाईपटू तोपर्यंत आघाडीवर होते, असे मानले तरी इराणच्या बचावसाखळीने त्या कौशल्याला वाव दिला नाही. २०२३ साली हांगझोऊ येथे भारताने सुवर्णपदक परत मिळविले, तेही इराणविरुद्धच्या ३३-२९ अशा चुरशीच्या सामन्यानंतर. खेळ आपला असला, तरी डावपेच कोणा एकाच्या मालकीचे नसतात, हा त्यातील बोध होय.

निष्कर्ष

१. कबड्डीतील सांघिकतेचे मूळ संजीवनी तत्त्वाच्या स्वीकारात आहे. खेळाडूचे अस्तित्व सहकाऱ्याच्या गुणाशी बांधणारा हा नियम या खेळाच्या इतिहासातील एक निर्णायक टप्पा मानावा लागेल.

२. व्यावसायिक स्पर्धेने वेळ आणि संख्या यांचे नियम कडक करून डावपेचांना हिशेबी स्वरूप दिले. त्यामुळे दुय्यम चढाईपटू व साहाय्यक बचावपटू यांचे महत्त्व वाढले.

३. लिलावातील बोली आणि वैयक्तिक गुणांची नोंद या दोन्ही पद्धती हे महत्त्व पुरेसे व्यक्त करीत नाहीत.

४. शालेय, महाविद्यालयीन व जिल्हा स्तरावरील निवड बव्हंशी अशाच नोंदींवर आणि डोळ्यांत भरणाऱ्या चढायांवर अवलंबून असते. कोणाच्या गुणाने कोण जिवंत झाले, कोणत्या पकडीत दुसरा व तिसरा हात कोणाचा होता, याची साधी नोंद ठेवण्यास वही आणि पेन्सिल पुरते. ही नोंद ठेवली गेली, तर आज निवडीच्या यादीबाहेर राहणारे अनेक खेळाडू प्रशिक्षकांच्या नजरेस येतील. जिमखान्यांच्या काळात पुण्याने देशी खेळांना नियम दिले. त्या नियमांना साजेशी मोजणी देण्याचे कार्यही या शहरातील महाविद्यालये व मंडळे हाती घेऊ शकतील.