टाइट-लाइन निम्फिंगसाठी फ्लाय रॉड कसा निवडायचा? लांबी, नंबर, टोक आणि तोल यांचं गणित

अमेरिका आणि युरोपात फ्लाय फिशिंगचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत एक वेगळा रॉड हमखास दिसतो. नेहमीच्या फ्लाय रॉडपेक्षा लांब, हलका आणि टोकाला अगदी लवचीक. 'युरो निम्फ रॉड' या नावाने तो विकला जातो. साधा रॉड दीड-दोनशे डॉलरमध्ये मिळतो, तर महागड्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास जाते. घरात आधीच एक फ्लाय रॉड असताना हा दुसरा घ्यावा का? आणि घ्यायचाच तर काय पाहून घ्यावा?

टाइट-लाइन निम्फिंग म्हणजे काय?

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला खरं आमिष लावत नाहीत. पिसं, दोरा आणि धातूचा मणी गळावर बांधून किड्याची नक्कल करतात. पाण्याखाली वाढणाऱ्या कीटकांच्या बाल्यावस्थेची नक्कल म्हणजे निम्फ. ट्राउट माशाचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होत असल्याने निम्फ तळाजवळून वाहत नेणं महत्त्वाचं ठरतं.

अडचण इथेच येते. नदीचं पाणी वरच्या थरात वेगाने वाहतं, तर तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणामुळे हळू. नेहमीची जाड फ्लाय लाइन पाण्यावर पडली की वरचा प्रवाह तिला ओढतो. तिच्यामागे निम्फही खऱ्या किड्यापेक्षा जोरात पळू लागते आणि मासा तिच्याकडे फिरकत नाही.

यावर उपाय म्हणजे जाड लाइन पाण्याला लागूच द्यायची नाही. तिच्याऐवजी लांब, बारीक नायलॉनचा लीडर वापरायचा. त्यात 'साइटर' नावाचा रंगीत तुकडा असतो. तो पाण्याच्या वर ताठ धरायचा आणि तो थबकला किंवा हलला की मासा लागला असं समजायचं. वजनासाठी निम्फवर टंगस्टनचा मणी असतो. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन असल्याने छोटी निम्फही लवकर तळ गाठते.

१९८० च्या दशकात पोलंड आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या स्पर्धकांनी हे तंत्र गाजवलं. पुढे फ्रेंच आणि स्पॅनिश मच्छीमारांनी लीडर आणखी लांब आणि बारीक केला.

मग रॉडचं काम नेमकं काय बदलतं?

नेहमीचा फ्लाय रॉड मुख्यतः लाइन दूर फेकण्यासाठी बनवलेला असतो. टाइट-लाइनमध्ये अंतर कमी असतं, अनेकदा दोन-तीन रॉडच्या लांबीइतकंच. इथे रॉडची कामं तीन: लीडर पाण्याच्या वर धरणं, माशाचा हलका स्पर्श हातापर्यंत पोहोचवणं आणि बारीक धागा तुटू न देणं. निवडीचे सगळे निकष यातूनच निघतात.

लांबी किती हवी?

नेहमीचा रॉड बहुधा ९ फुटांचा असतो. निम्फ रॉड साधारण १० ते ११ फुटांचे. लांबी वाढली की जास्त दूरपर्यंत लीडर पाण्याच्या वर धरता येतो. पण तोटाही आहे. रॉड लांबला की टोकाचा भार हाताला जाणवतो आणि झाडी असलेल्या अरुंद ओढ्यात तो फांद्यांत अडकतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी १० किंवा साडेदहा फूट हा सुरक्षित पर्याय. ११ फूट मोठ्या, मोकळ्या नद्यांसाठी.

रॉडवरचा नंबर काय सांगतो?

फ्लाय रॉडवरचा नंबर तो किती जड लाइन फेकू शकतो हे सांगतो. निम्फ रॉडमध्ये जड लाइन फेकायचीच नसल्याने तो नंबर रॉडच्या ताकदीचा आणि टोकाच्या नरमपणाचा अंदाज देतो. २ नंबर लहान मासे आणि अतिशय बारीक धाग्यासाठी. ३ नंबर बहुतेक नद्यांवर चालतो. मोठे मासे, जोरदार प्रवाह आणि जड निम्फ असतील तर ४ नंबर.

टोक नरम का असावं?

लीडरच्या शेवटी बांधलेल्या बारीक धाग्याला टिपेट म्हणतात. ६ एक्स टिपेटची जाडी सुमारे ०.१३ मिलिमीटर, तर ७ एक्सची ०.१० मिलिमीटर. कडक टोकाने झटका दिला की असा धागा सहज तुटतो आणि गळ माशाच्या तोंडातच राहतो. नरम टोक तो झटका शोषून घेतं. मात्र रॉडचा खालचा भाग दमदारच हवा. तो लुळा असेल तर मासा आवरायला वेळ लागतो आणि दमलेला मासा पाण्यात सोडला तरी वाचेलच असं नाही.

तोलाकडे दुर्लक्ष का नको?

या प्रकारात हात तासन् तास उंचावलेला असतो. रॉड टोकाकडे झुकत असेल तर खांदा आणि मनगट भरून येतात. म्हणून इथे सर्वांत हलकी रील चांगली नसते. थोडी जड रील मुठीच्या मागे बसली की तोल साधतो. रीलची चौकट पूर्ण बंदिस्त असावी, नाहीतर बारीक लीडर फटीतून बाहेर निसटतो.

दुकानात काय तपासावं?

- रील लावूनच रॉड हातात घ्या. मुठीच्या पुढच्या टोकाखाली बोट ठेवल्यावर तो आडवा राहिला तर तोल ठीक आहे.
- हलका झटका देऊन थांबा. टोक लगेच स्थिर झालं पाहिजे. ते थरथरत राहिलं तर निम्फही हलत राहते.
- हात पुढे करून पाच मिनिटं रॉड धरून पाहा.
- लाइन जाणाऱ्या कड्या पाहा. त्या लहान आणि पुरेशा संख्येने असतील तर बारीक लीडर मध्ये लोंबकळत नाही.
- स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम आधी वाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रॉड आणि लीडर दोन्हींच्या लांबीला मर्यादा असते.

वेगळा रॉड हवाच का?

नाही. ९ फुटी, ५ नंबरच्या रॉडवर लांब लीडर बांधूनही हे तंत्र शिकता येतं. पोहोच कमी पडते आणि बारीक टिपेट जपून वापरावा लागतो, इतकंच. एकाच रॉडवर सगळं भागवायचं असेल तर १० फुटी, ४ नंबरचा रॉड हा मधला मार्ग. त्याने पाण्यावर तरंगणारी फ्लायही बऱ्यापैकी फेकता येते. खास निम्फ रॉड या कामात अडखळतो.

भारतात ब्रिटिशांनी आणलेला ट्राउट काश्मीर आणि हिमाचलमधल्या थंड नद्यांत आजही आहे. पहलगामची लिद्दर किंवा कुल्लूची तीर्थन अशा दगडगोट्यांच्या नद्यांवर हे तंत्र उपयोगी पडतं. तिथे जाणाऱ्यांनी मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा आणि प्रवासात सोयीचा पडणारा चार तुकड्यांचा रॉड घ्यावा. पण खरेदीआधी एक हंगाम जुन्याच रॉडवर काढलेला बरा. आपण कोणत्या नदीवर, किती जड निम्फ वापरतो हे त्यातून कळतं. लांबी आणि नंबर ठरवायला तीच माहिती लागते.