बिल्ल्यातला आकडा

तारापूर अणुविद्युत केंद्राचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनी लिहिला गेला आहे. पहिली तऱ्हा राष्ट्राभिमानाची. तिच्यात १९६३चा भारत-अमेरिका करार येतो, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिलेल्या दोन अणुभट्ट्या येतात, ऑक्टोबर १९६९मध्ये सुरू झालेली वीज येते आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झालेला समारंभ येतो. दुसरी तऱ्हा मुत्सद्देगिरीची : १९७४च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनावरून केलेली अडवणूक आणि पुढे १९८२मध्ये फ्रान्सशी जमलेला सौदा. दोन्ही कथा खऱ्या आहेत. मात्र केंद्राच्या आत जाऊन पाना फिरवणारा, गळती पुसणारा, वेल्डिंग करणारा माणूस दोन्हींत कुठे भेटत नाही. त्या माणसाच्या छातीवर एक बिल्ला असे. बिल्ल्यात एक आकडा जमा होई. तो आकडा कोणाकडे जाई आणि ज्याच्या अंगावर जमा झाला त्याला तो कळे का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी हे पाहू, की वीज तयार करण्याच्या कारखान्यात इतके हात लागले कशाला? तारापूरचे पहिले दोन संच उकळत्या पाण्याच्या जातीचे. या जातीत भट्टीतल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनकडे जाते, त्यामुळे किरणोत्सर्गी द्रव्याचा संपर्क भट्टीपुरता मर्यादित राहत नाही. त्यात सुरुवातीच्या इंधनकांड्यांना छिद्रे पडली, आतले पदार्थ पाण्यात उतरले आणि नळ्या, झडपा, पंप यांच्यावर बसले. दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रांतल्या नळ्याही गळू लागल्या. अखेर ती यंत्रे बाजूला ठेवून प्रत्येक संचाची क्षमता २१० मेगावॅटवरून १६० मेगावॅटवर आणावी लागली. यंत्र जितके आजारी, तितकी दुरुस्ती जास्त. आणि दुरुस्ती म्हणजे माणूस आत पाठवणे.

इथे किरणोत्सर्गाच्या कामाचे एक विचित्र गणित सुरू होते. एका माणसाने वर्षभरात किती मात्रा घ्यायची याला मर्यादा असते. त्या काळी ती ५ रेम, म्हणजे आजच्या भाषेत ५० मिलिसिव्हर्ट होती. एखाद्या खोलीतली पातळी इतकी जास्त असेल की काही मिनिटांत माणसाचा वाटा संपतो, तर दोन तासांचे काम वीस-तीस जणांत वाटून घ्यावे लागते. अणुउद्योगाने या बेरजेसाठी ‘माणूस-रेम’ नावाचे मापच तयार केले आहे. कायमच्या तंत्रज्ञांचा वाटा संपला, की बाहेरून हात आणायचे. हे हात ठेकेदार आणतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रफुल्ल बिडवई यांच्यासारख्या पत्रकारांनी तारापूरच्या कामगारांवरील किरणोत्सर्गाचा प्रश्न इंग्रजी नियतकालिकांतून मांडला, तेव्हा शहरी वाचकाला या गणिताची पहिली ओळख झाली.

हात कुठून येतात हे समजायला केंद्राभोवतीचा किनारा पाहावा लागतो. घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर ही मच्छीमारांची गावे. अलीकडे बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने, पलीकडे समुद्र, मध्ये अणुकेंद्राचे कुंपण. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि किनारा नासला म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. जिथे जाळ्यात पूर्वीइतके सापडत नाही आणि जमिनीचा तुकडा प्रकल्पात गेला आहे, तिथे काही आठवड्यांच्या शटडाऊनचा गेटपास ही लहान गोष्ट नसते. आम्हाला आत कामाला घ्या, हीच प्रकल्पग्रस्तांची मागणी असते, आणि ती रास्त आहे. धोक्याची माहिती मागणाऱ्या माणसाला हीच गोष्ट दुबळे करते, कारण जास्त प्रश्न विचारणाऱ्याचे नाव पुढच्या यादीत राहीलच याची हमी त्याला कोणी देत नाही. शिवाय मर्यादेचा आकडा जवळ आला की काम थांबते. त्याच्या संरक्षणासाठी आखलेली रेघ त्याला मजुरी संपल्याची रेघ म्हणून दिसते. सांडपाण्याने मेलेला मासा दांडीच्या किनाऱ्यावर डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. त्याची एकमेव खूण म्हणजे बिल्ला.

सुरुवातीला बिल्ल्यात फोटोची फिल्म असे. किरणांनी ती काळवंडे, काळेपणावरून मात्रा काढत. फिल्म जपून ठेवता येई, शंका आली तर पुन्हा पाहता येई. १९७५च्या सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या वापरणारा नवा बिल्ला आणला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या बसवलेल्या. त्या तापवल्या, की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजतात. बिल्ला स्वस्त, टिकाऊ, पुन्हा वापरता येणारा आणि आपल्या दमट हवेला फिल्मपेक्षा सोसणारा. शास्त्रज्ञांनी त्याचा अभिमान बाळगावा असेच ते काम होते. पण त्याचा एक परिणाम इतिहासकाराने नोंदवायला हवा. चकती तापवून वाचली, की तिच्यातली नोंद जवळजवळ पुसली जाते. त्यानंतर तो आकडा फक्त नोंदवहीत उरतो. वहीतला आकडा ज्याचा, त्याला वही दिसली नाही, तर त्याच्यापाशी पुरावा म्हणून काहीच राहत नाही.

याच्या जोडीला कामगाराच्या खिशाला पेनासारखे एक उपकरण असे. उजेडाकडे धरून डोळा लावला, की आतल्या मोजपट्टीवर एक बारीक रेघ सरकलेली दिसे. सगळ्या व्यवस्थेत कामगाराशी थेट बोलणारे हेच एक साधन. अर्थात रेघेचा अर्थ कोणीतरी सांगितलेला असला तर!

तो अर्थ सांगण्याचे बंधन भारताने फार लवकर स्वीकारले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा किरणोत्सर्ग संरक्षणाविषयीचा ११५ क्रमांकाचा ठराव १९६०चा, आणि भारताने त्याला १९७५मध्ये मान्यता दिली. किरणोत्सर्गात प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येकाला कामाआधी आणि काम चालू असताना, घ्यायची काळजी आणि त्या काळजीमागची कारणे, दोन्ही समजावून सांगावीत, असे त्यात म्हटले आहे. ‘कारणे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. हातमोजे घाल, असे सांगणे हा हुकूम झाला. का घाल, हे सांगितले तर समोरच्याला माणूस मानले.

आपल्या कायद्याची ठेवण मात्र वेगळी होती. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यातले कलम १८ माहिती उघड करण्यावर बंधन घालत होते. कलम २३ने अणुऊर्जेच्या सरकारी कारखान्यांपुरता कारखाने अधिनियम राबवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला. म्हणजे बोईसरच्या रासायनिक कारखान्यात राज्याचा कारखाना निरीक्षक शिरू शकत होता. अणुकेंद्राची तपासणी मात्र घरच्याच माणसांकडे होती. १९८३मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, पण तेही अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी. महालेखापरीक्षकांनी २०१२मध्ये या मंडळाचा हिशेब मांडला, तेव्हा नियम मोडल्याबद्दल होऊ शकणारा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये असल्याचे त्यात नमूद झाले. पाचशे रुपये! बोईसर स्थानकाबाहेर रिक्षावाल्यालाही एवढ्या दंडाची भीती वाटू नये.

कामगाराच्या माहितीच्या हक्काला खरा धक्का बसला तो भोपाळने. १९८४च्या त्या रात्रीनंतर, १९८७मध्ये, कारखाने अधिनियमात नवी कलमे आली : धोकादायक कारखान्याने कामगारांना आणि शेजारच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी, आरोग्याच्या नोंदी ठेवून त्या कामगाराला पाहू द्याव्यात, आणि सुरक्षेची माहिती मिळवणे हा कामगाराचा हक्क असावा. १९९५मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे ठरवले आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, जे नंतरचे असेल तोवर, जपण्यास सांगितले.

त्याच १९९५ साली नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत देशातल्या अणुकेंद्रांमधील सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार झाला. तो जाहीर करावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने कलम १८ वैध ठरवून मागणी नाकारली, आणि ६ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराला जे मिळाले, ते अणुकेंद्राच्या दाराशी अडले. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु भट्टीची रचना गुप्त ठेवणे आणि झडप बदलणाऱ्याच्या अंगावर किती मात्रा गेली हे गुप्त राहणे, या दोहोंत फरक करण्याची गरज तेव्हा कोणाला भासली नाही.

कल्पाक्कमला या फरकाची किंमत त्याआधीच्याच वर्षी दिसली होती. २१ जानेवारी २००३ रोजी तिथल्या पुनःप्रक्रिया प्रकल्पात एक झडप निकामी झाली आणि तीव्र किरणोत्सर्गी द्रव कमी तीव्रतेच्या टाकीत आला. नमुना घ्यायला गेलेल्यांना ते कळण्याची सोय जागेवर नव्हती. सहा कामगारांना मर्यादेबाहेर मात्रा मिळाली. कर्मचारी संघटनेने आवाज उठवला, संप केला, तरी व्यवस्थापनाने गोष्ट जाहीरपणे मान्य करायला अर्धे वर्ष गेले. हा प्रकल्प भाभा केंद्राचा, आणि भाभा केंद्राला २००० साली नियामक मंडळाच्या देखरेखीतून वगळले गेले होते. तारापूरलाही विजेच्या संचांशेजारी भाभा केंद्राचे प्रकल्प आहेत. शेजारी-शेजारी दोन नियमनव्यवस्था, आणि ठेकेदाराचा माणूस आज इकडे, उद्या तिकडे.

अशा वातावरणात २००४चे अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम आले. त्यांतला एक तुकडा फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. नियोक्त्याच्या जबाबदाऱ्यांत तिथे असे सांगितले आहे, की कामगाराच्या मात्रेची नोंद आणि आरोग्य तपासणीचा अहवाल त्याला दरवर्षी, त्याने मागितल्यावर, आणि काम सुटताना द्यावा. तीन प्रसंग, आणि तिन्ही वेळा कागद कामगाराच्या हातात. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले त्याच वर्षी ही ओळ छापली गेली. तारापूरचा पहिला दिवा लागल्याला तेव्हा ३५ वर्षे झाली होती.

हंगामी कामगाराला या ओळीने काय मिळाले? मर्यादा त्याच्यासाठी अधिक कडक झाली हे खरे. कायम कामगाराला पाच वर्षांत १०० आणि एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टची कमाल रेघ, हंगाम्याला वर्षाला १५. पण नुकसानभरपाईच्या कायद्यात पाहा. १९२३च्या कायद्यात किरणोत्सर्गाने होणारे आजार व्यावसायिक आजारांच्या तिसऱ्या अनुसूचीत होते, मात्र तिच्या ‘ब’ भागात. या भागातल्या आजारासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असावी लागते, आणि दुसऱ्या मालकाकडची तशीच नोकरी त्यात धरत नाहीत. शटडाऊनपुरता घेतलेला माणूस सहा आठवड्यांत घरी जातो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या ठेकेदाराकडून येतो. किरणांचा हिशेब शरीरात सलग चालू राहतो, कायद्याचा मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. जपानमध्ये एका ठेक्यावरून दुसऱ्या ठेक्यावर जाणाऱ्या अशा कामगारांबद्दल कुनिओ होरिए यांनी स्वतः आत काम करून १९७९मध्ये पुस्तक लिहिले. तिथे प्रत्येकाच्या नावाची मात्रेची वही असते, आणि ती त्याच्याबरोबर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाते. आपल्याकडे भाभा केंद्रात राष्ट्रीय नोंदणी आहे, सगळे आकडे तिथे एकत्र येतात. वही आहे, ती कामगाराच्या घरी नसते.

माहिती दिली तर लोक घाबरतील, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. म्हणून आकड्याचा अर्थही सांगून टाकतो. निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या ढोबळ हिशेबाने १०० मिलिसिव्हर्टमुळे पुढच्या आयुष्यात कर्करोगाने मरण्याची शक्यता साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते. १५ने त्याहून बरीच कमी. हा आकडा ऐकून कोणी समुद्रात उडी टाकणार नाही. पण घरात कोणाला गाठ आली, की वर्षानुवर्षे ‘आत गेला होता ना’ एवढेच कुजबुजत राहणारी गावे आकडा न मिळाल्यानेच तयार होतात. आकडा लहान निघाला तर मनावरचे ओझे उतरते, मोठा निघाला तर डॉक्टरला दाखवायला कागद मिळतो.

२०२०मध्ये तारापूरचे पहिले दोन्ही संच बंद ठेवून जुन्या वाहिन्या बदलण्याचे मोठे काम काढण्यात आले. अशी कामे पुन्हा शेकडो हातांची. त्या हातांना २००४च्या नियमाची ओळ मराठीत छापून गेटपासबरोबर देणे अवघड नाही, अर्ध्या पानाचे काम आहे. जुन्या लोकांचे प्रकरण अधिक निकडीचे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९९६च्या मानकांनुसार कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सुटल्यापासून निदान ३० वर्षे, त्याची नोंद जपायची असते. १९७०मध्ये विशीत असलेल्या माणसाची पंचाहत्तरी २०२५मध्ये आली. नवा बिल्ला आला त्या वर्षी विशीत आत गेलेल्याची २०३०मध्ये येईल. यांतल्या कोणाला आपली नोंद पाहायची असेल, तर अर्ज करायला उरलेली वर्षे बोटांवर मोजता येतात.