आधी देऊळ

२०२१ च्या मे महिन्यात बाबा गेले. ‘देवावर सोड,’ जो तो म्हणे. चीड यायची. त्याच दिवसांत मोबाइलवर तुकोबांची गाथा उघडली.

१६३० च्या आसपासचा दुष्काळ. एक बायको उपासमारीनं गेली, व्यापार बुडाला, गावात पत गेली. तुकोबांनी हे स्वतःच एका अभंगात सांगितलंय, वाटलेल्या लाजेसकट. आणि लगेच पुढे काय, तर विठ्ठलाचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं! कीर्तन त्यानंतर, तेही सुरुवातीला अभ्यासात चित्त नसताना. (सिनेमातल्या तुकोबांना असं कधी होत नाही.) मग संतांची वचनं पाठ करणं.

त्या रात्री बाबांचा बंद पडलेला रेडिओ मी खोलून बसलो.