गुटगुटीत बाळ आणि ऊनोदर



बाळ पाहायला गेलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "कसं गुटगुटीत आहे गं!" मूल बारीक असेल तर त्याच्या आईला टोमणा ठरलेला, "खायला घालतेस की नाही?" लहान मुलांचं वजन वाढू देऊ नका असं डॉक्टर आज सांगतात, तेव्हा आड येतं ते हेच जुनं बोलणं. ते आलं कुठून, हे आधी समजून घेऊ.

आपल्या पणजीच्या काळी 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ पडले. त्याच सुमारास मुंबई-पुण्यात प्लेग आला. घरोघरी एखादं तरी मूल दगावलेलं असायचं. अंगावर थोडं मांस असलेलं मूल आजारपणातून निभावेल, हा त्या आईचा हिशोब होता आणि तो बरोबर होता. पुढे महायुद्धाच्या काळात रेशन आलं. 1972 च्या दुष्काळात लोकांनी लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. अशा तीन-चार पिढ्यांनी "खा बाळा, अजून एक घास" म्हटलं, तर त्यात नवल नाही.

पण या काळात स्वयंपाकघर बदलत गेलं. 1937 मध्ये डालडा आला. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग कोल्हापूर-सांगलीपर्यंत असे कारखाने पसरले. सणासुदीची साखर रोजच्या डब्यात आली. 1983 मध्ये दोन मिनिटांच्या नूडल्स आल्या, 1993 मध्ये कोकाकोला परत आला, 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स उघडलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 मध्ये लठ्ठपणावर तज्ज्ञांची बैठक घेऊन त्याला जगभरची साथ म्हटलं. आपल्या देशाच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 3.4 टक्के झालं. त्याच सर्वेक्षणात साधारण तीनांतलं एक मूल वयाच्या मानाने खुजं आहे. म्हणजे देशातला दुष्काळ पुरता सरलेला नाही, पण आपल्या बहुतेकींच्या घरातून तो कधीच गेला. बोलणं मात्र दुष्काळातलंच राहिलं.

आता आपल्या धर्माकडे पाहू. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं येतात. पहिलं अनशन आणि लगेच दुसरं अवमौदर्य, म्हणजे ऊनोदर, भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. मूलाचारात पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास सांगितला आहे. त्याहून कमी घेणं ते अवमौदर्य. मुनींसाठी तिथे आणखी एक माप आहे: पोटाचा अर्धा भाग अन्नासाठी, पाव पाण्यासाठी आणि पाव वाऱ्यासाठी रिकामा. चौथ्या अंगातलं तप म्हणजे रसपरित्याग. तूप, तेल, दूध, दही, गोड आणि मीठ यांतलं काही सोडणं. उपवासाचं कौतुक आपण वाजतगाजत करतो. ऊनोदराचं कुणी करत नाही, कारण ते दिसत नाही.

हे मुनींचं तप मुलांवर लादायचं नाही, हे स्पष्ट सांगते. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नाही, "जाड्या" म्हणून हिणवायचंही नाही. त्यातली सवय तेवढी आई-वडिलांनी घ्यायची. ताटात उष्टं टाकू नये हा आपला नियम. पण तो पाळायचा कुणी? आपण आधी भरपूर वाढतो आणि मग पोट भरलेल्या मुलाला "ताट साफ कर" म्हणतो. नियम खरं तर वाढणाऱ्या हाताचा आहे. आधी थोडं वाढा, मागितलं तर परत वाढा. काय आणि केव्हा शिजवायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाच्या पोटाला ठरवू द्यावं.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचंही तसंच. क्लासमुळे मूल सातला घरी येणार असेल, तर सहाला नीट जेवणाचा डबा सोबत द्या. नाहीतर जेवण चुकतं आणि वेफर्सचं पाकीट आत जातं. त्या पाकिटावर "जैन" लिहिलंय एवढ्याने समाधान मानू नका. कांदा-बटाटा नाही म्हणजे साखर, मीठ आणि तेलही नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. पाठशाळेत खाऊ म्हणून चॉकलेटऐवजी केळं किंवा खजूर देता येतो. आणि संध्याकाळी मंदिरात जाताना मुलाला गाडीवर न बसवता चालत न्या.

सरकारने 2020 मध्ये नियम केला, की शाळेत आणि शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत. घराच्या उंबऱ्याआतला नियम मात्र कुणी सरकार करणार नाही. तो आपल्याला आणि घरातल्या पुरुषांनाही करावा लागेल, कारण रात्री आइस्क्रीम घेऊन येणारे बहुधा बाबा आणि आजोबाच असतात.

पुढच्या वेळी बाळ पाहायला गेलात, तर "गुटगुटीत" ऐवजी "किती हसरं आहे!" म्हणून बघा. सुरुवात तिथूनही होते.

जय जिनेंद्र.